आडवळणाच्या भाषेची भाकर

परवा अकोल्याला जाणे झाले. एका परिचिताच्या जिनिंगच्या कचेरीत बसलो होतो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. वजनकाट्यावर एकेक गाडी चढत होती, उतरत होती. हवेत रुईचे तंतू तरंगत होते. ऐन हंगामातले हे दृश्य वऱ्हाडी माणसाला नवे नाही. कचेरीच्या आत मात्र सगळे काम थबकले होते. दिवाणजींनी संगणकावरून एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढून दिली होती आणि साठीच्या घरातला तो शेतकरी ती हातात धरून टेबलासमोर उभा होता.

"भाऊ, हमाल तर एकदाच आले होते. मंग हमाली दोनदा कावून कापली?"

दिवाणजींनी चष्मा पुसून पट्टी पाहिली. शेतकऱ्याचे म्हणणे खरे होते. आदल्या दिवशी पट्टीचा नमुना बदलून घेतला होता आणि त्यात हमालीची रक्कम दोन ठिकाणी वजा होत होती. सकाळपासून किती पट्ट्या अशा गेल्या कोण जाणे! शेठजींनी फोन फिरवला. अर्ध्या तासात जठारपेठेकडून एक तिशीतला तरुण स्कूटरवर आला. त्याने संगणकावर कसलीशी फाईल उघडली, दोन ओळी बदलल्या, एक पट्टी छापून आकडे कागदावर स्वतः मांडून पडताळले. मग सकाळपासूनच्या सगळ्या पट्ट्यांची यादी काढून दिली आणि म्हणाला, "शेठजी, या लोकांचे पैसे आजच परत द्या." चहा घेऊन तो निघून गेला.

"कोणत्या कंपनीत आहे हा?" मी विचारले.

"कोणत्याच नाही," शेठजी म्हणाले. "पण उद्या हा गाव सोडून गेला, तर बाजारातल्या निम्म्या कचेऱ्या अडतील."

त्या तरुणाला पुढे दोनदा भेटलो. त्याची गोष्ट त्याच्यापुरतीच नाही, म्हणून आज ती वाचकांपुढे ठेवतो आहे.

पुण्याची गाडी

मुलगा अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. अमरावतीत राहून अभियांत्रिकीची पदवी घेतली. वऱ्हाडाला अभियांत्रिकी शिक्षणाचे वावडे कधीच नव्हते. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचे. पुढे १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार उघडले आणि त्याच वर्षी बडनेरा, शेगावसारख्या ठिकाणी अशी महाविद्यालये उभी राहिली. मुले शिकली, शहाणी झाली आणि संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेली. दिवाळीनंतर बडनेऱ्याच्या फलाटावर उभे राहिले की वऱ्हाडाने काय पेरले आणि ते कुठे उगवले, ते डोळ्यांना दिसते.

हाही पुण्याला गेला. सगळे शिकतात तीच संगणकाची भाषा याला येत होती. एका जागेसाठी मुलाखतीला बसलेली सगळीच मुले तीच भाषा घेऊन आलेली. दीड वर्ष असे गेले. मग वडिलांचे दुखणे निघाले आणि मुलगा परत आला. अकोल्याला मामाकडे राहून एका करसल्लागाराच्या कचेरीत नोंदी करण्याच्या कामाला लागला. वडील घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एवढं इंजिनीअर होऊन पोट्टं दुकानाईच्या पावत्या भरत बसते."

त्या पावत्या भरतानाच त्याला एक आडवळणाची भाषा भेटली. तिचे नाव टीडीएल.

टॅलीच्या पोटातली भाषा

टॅली ठाऊक नाही असा व्यापारी आज सापडणे कठीण. पण टॅलीचा जन्म कसा झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका हे कापड गिरण्या व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी बाजारात मिळणारी सॉफ्टवेअर त्यांना पटेनात. प्रत्येक खात्याला एक सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि तो मुनिमाने पाठ करायचा, असा तो प्रकार होता. त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, सांगितले की व्यापाऱ्याला कळेल असे काही तरी लिही. त्यातून १९८६ मध्ये पित्रा-पुत्रांची प्यूट्रॉनिक्स ही कंपनी निघाली आणि खात्याचे नाव लिहिले की काम होते असे साधे सॉफ्टवेअर तयार झाले. तेच पुढचे टॅली. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. देशातले आणि परदेशांतले मिळून वीस लाखांहून अधिक व्यवसाय आपले सॉफ्टवेअर वापरतात, असे कंपनी सांगते.

आता एवढ्या सगळ्या व्यवसायांना एकच माप कसे बसणार? औषधांच्या दुकानदाराला तुकडी क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी. डाळ मिलवाल्याला तुरीपासून किती डाळ, किती चुनी, किती टरफल निघाले ते हवे. शाळेला फीची पावती हवी. याची सोय म्हणून टॅलीच्या पोटातच एक भाषा ठेवलेली आहे. टॅली डेफिनिशन लँग्वेज हे तिचे पूर्ण नाव, टीडीएल हे व्यवहारातले.

ही भाषा इतर भाषांपेक्षा वेगळ्या चालीची आहे. नेहमीच्या भाषांत संगणकाला आधी हे कर, मग ते कर अशी आज्ञा द्यावी लागते. टीडीएलमध्ये मुख्यतः वस्तूचे वर्णन करायचे असते. अहवालात फॉर्म असतो, फॉर्ममध्ये भाग, भागात ओळी आणि ओळीत रकाने. प्रत्येकाला नाव द्यायचे आणि तो कसा दिसेल, त्यात काय भरले जाईल ते सांगायचे. टॅलीचे स्वतःचे पडदेही याच पद्धतीने रचलेले असल्यामुळे मूळ फॉर्मच्या नावाआधी हॅशची खूण करून फक्त आपला फरक लिहिला की काम भागते. बांधलेल्या घराला हात न लावता एक खिडकी काढावी, तसे. हे सगळे साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिता येते. परवाना विकत न घेता शिकण्यापुरते टॅली वापरण्याची सोयही कंपनीने ठेवली आहे. त्यात ठरावीक तारखांनाच नोंदी करता येतात, पण शिकणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही.

भाषा म्हणून हिचे जग फार लहान. टॅलीच्या बाहेर हिचा काडीचा उपयोग नाही. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात ही सहसा भेटत नाही. मग तिच्यावर पोट कसे भरते?

खंडी, क्विंटल आणि गठाण

याचे उत्तर भाषेपेक्षा आपल्या बाजारात सापडते. जिनिंगचाच हिशेब पाहा. शेतकऱ्याकडून कापूस येतो तो क्विंटलने. सरकी काढली की क्विंटलमागे तेहतीस-चौतीस किलोच्या आसपास रुई पडते. बाकीची बहुतेक सरकी, थोडी घट. रुईची गठाण बांधतात ती १७० किलोची. भाव मात्र ठरतो खंडीवर आणि खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. सरकी पुन्हा क्विंटलने विकली जाते आणि तिचे तेल व ढेप वेगळ्याच दराने. एका मालाच्या प्रवासात तीन मापे बदलतात. त्यात हमाली, तोलाई, बाजार समितीची फी. हे सगळे दिवाणजींच्या डोक्यात पक्के बसलेले असते, पण बंगळूरला बसून सगळ्या देशासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हे सारे गृहीत धरावे अशी अपेक्षा करता येत नाही.

वजनमापाचा आणि पट्टीचा प्रश्न वऱ्हाडात आजचा नाही. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये कारंजा येथे सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. माल कोणी मोजायचा, कोणत्या वजनाने मोजायचा आणि शेतकऱ्याच्या पैशातून काय कापायचे, या भांडणातूनच त्या व्यवस्था आल्या. परवाचा तो म्हातारा शेतकरी हातातली पट्टी नाचवत उभा होता, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीचाच प्रश्न तो विचारत होता. फरक इतकाच, की चूक आता तागडीत नव्हती. ती कुणीतरी लिहिलेल्या एका ओळीत होती.

त्यात सरकारचे नियम बदलत राहतात. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात व्हॅट आला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर खरेदीदाराने स्वतः भरायचा, असा उलट्या आकारणीचा नियम झाला. २०२० पासून मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना ई-बीजक आले आणि त्याची मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दरच नव्याने बसवले गेले. अशा प्रत्येक बदलाची मुख्य तरतूद कंपनी करून देते. पण आपल्या कचेरीने जो खास नमुना बनवून घेतलेला असतो, तो दुरुस्त करायला माणूसच लागतो. "पाऊस पडला की शेतकऱ्याची पेरणी, अधिसूचना निघाली की माझी," असे तो तरुण हसत म्हणाला.

काम कुठे मिळते?

अशा भाषेच्या नोकरीची जाहिरात शोधत बसलात, तर महिनोन्महिने हात हलवत राहावे लागेल. जाहिराती निघतात त्या प्रामुख्याने टॅलीची विक्री व सेवा करणाऱ्या अधिकृत विक्रेत्यांच्या, आणि त्याही बहुधा मोठ्या शहरांतल्या. आमच्या तरुणाने वेगळी वाट धरली. करसल्लागाराच्या कचेरीत दरमहा वेगवेगळ्या दुकानांचे हिशेब येत. कोणता मुनीम कोणता तक्ता दर महिन्याला हाताने करतो, याची त्याने एक वही ठेवली. त्यातल्या एका डाळ मिलच्या मुनिमाला उताऱ्याचा तक्ता दर शनिवारी चार तास बसून करावा लागे. याने रात्री जागून तो तक्ता टीडीएलमध्ये लिहिला. मुनिमाच्या शनिवारच्या चार तासांची दहा मिनिटे झाली. त्याची पहिली कमाई पंधराशे रुपये. ती रक्कम महत्त्वाची नाही. त्या मुनिमाने पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन मिलच्या मुनिमांना याचा फोन नंबर दिला, ते महत्त्वाचे.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी त्याने तीन दारे सांगितली. पहिले दार गावातल्या टॅलीच्या विक्रेत्याचे. त्याच्याकडे गिऱ्हाइकांच्या मागण्या साचलेल्या असतात आणि लिहिणारा माणूस कमी असतो. दुसरे दार सनदी लेखापालाचे, कारण एकेका लेखापालामागे अनेक व्यवसाय असतात. तिसरे दार मुनिमाचे. "शेठजींशी भावाचं बोलावं, पण अडचण मुनीमकाकांनाच विचारावी," असे तो म्हणतो. शिवाय आता दुसऱ्याचा संगणक दुरून हाताळता येतो. अमरावतीत घरी बसून खामगावच्या किंवा अकोटच्या कचेरीचे काम करता येते. घराबाहेर पडणे ज्यांना अवघड, अशा मुलींना आणि सुनांना ही सोय फार मोलाची आहे.

पैशाचे म्हणाल तर तो तीन रीतींनी येतो. एकदा काम करून दिल्याचा मोबदला, वर्षभर देखभालीची ठरलेली रक्कम, आणि एकदा लिहिलेला नमुना त्याच धंद्यातल्या इतरांना थोड्या फरकाने विकणे. नवशिका पहिल्याच रीतीत अडकतो. नमुना बनवून देतो, पैसे घेतो आणि पुढे दोन वर्षे फुकट दुरुस्त्या करत राहतो. म्हणून काय करायचे आणि काय नाही, ते आधी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मूळ हिशेबाला हात न लावता त्याची प्रत घेऊन तिच्यावर आधी चाचणी करावी. हमालीच्या त्या प्रसंगात नेमकी हीच चाचणी राहून गेली होती. नमुना याचाच होता आणि चूकही याचीच. त्याने ती लपवली नाही, त्या दिवसाचे पैसेही घेतले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्याने जरा आवाज खाली आणून सांगितली. दुसऱ्याच्या हिशेबात ज्याचा हात पोहोचतो, त्याला मोहाचे प्रसंग फार. "मागची एक नोंद अशी बदलून दे की कोणाला दिसणार नाही," अशी मागणी येतेच. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, असा कायद्याचा नियम आहे. पण कायदा नसता तरी अशा कामाला हात लावायचा नाही, हे त्याने सुरुवातीलाच ठरवले होते. दोन गिऱ्हाइके तुटली. "गाव लहान आहे काका," तो म्हणाला. "इथं भाषा येणारे दोन-चार मिळतील. भरवसा एकदा गेला की परत मिळत नाही."

भाषा मेली तर?

वाचणाऱ्या आईबापांच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल. एका कंपनीच्या एका सॉफ्टवेअरची ही भाषा. उद्या ती बंद पडली तर?

प्रश्न रास्त आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या तालुक्यांच्या गावांतही फॉक्सप्रो शिकवण्याचे वर्ग होते. पतसंस्था, दुकाने, शाळा यांचे हिशेब त्या भाषेत लिहून देणारी मंडळी चांगली कमावत होती. मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली. २००७ मध्ये पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये शेवटच्या आवृत्तीचा आधारही संपला. ज्यांना फक्त फॉक्सप्रो येत होते ते हळूहळू दिसेनासे झाले. ज्यांना पतसंस्थेचे व्याज, ठेव आणि थकबाकी यांचा हिशेब येत होता, ते दुसऱ्या भाषेत गेले आणि टिकले.

उलट बाजूही आहे. कोबोल ही भाषा १९५९ मध्ये अमेरिकेत आखली गेली. ती मेली असे कित्येकदा सांगून झाले. २००० सालाच्या तारखांच्या घोळावेळी तीच भाषा शिकून आपल्याकडची असंख्य मुले परदेशी कामावर लागली. पुढे एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या धामधुमीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा तिथल्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना मदतीला या, असे जाहीर आवाहन केले. कारण साधे होते. जुने हिशेब त्या भाषेत अडकलेले होते, आणि ते वाचू शकणारी माणसे निवृत्त झाली होती.

या दोन्ही गोष्टींतून मला एकच अर्थ लागतो. आडवळणाची भाषा पोट भरते ती तिच्या पाठीमागे एखादा धंदा उभा असेपर्यंत, आणि ती शिकणारा तरतो तो त्या धंद्याचे ज्ञान त्याने बरोबर घेतले असेल तर. टीडीएल काही महिन्यांत शिकता येईल. खंडीचे क्विंटल कसे होतात, उलट्या आकारणीचा कर कुठे दाखवायचा, घट किती धरायची, हे कळायला हंगाम काढावे लागतात. पुण्यात मुलाखतीला रांगेत बसलेल्या मुलांकडे भाषा होती. हे दुसरे ज्ञान वऱ्हाडच्या मुलाला घरच्या अंगणात मिळू शकते, आणि आपण ते कमीपणाचे समजून टाकून देतो.

सगळा वर्गच्या वर्ग या वाटेने चालू लागला, तर ती वाट मोडेल, हेही सांगितले पाहिजे. अकोला-अमरावतीच्या बाजारात अशा कामाला जागा आहे, पण अमर्याद नाही. हंगाम आणि मार्च महिना गळ्यापर्यंत कामाचा, तर भर पावसाळ्यात हात रिकामे. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. आमचा तरुणही फक्त या भाषेवर विसंबून नाही. रात्री तो दुसरी, सर्वत्र चालणारी भाषा शिकतो आहे, म्हणजे टॅलीतले आकडे व्यापाऱ्याच्या मोबाइलवर दाखवता येतील. या आडवाटेने चालणाऱ्याने हमरस्ता कुठे आहे, ते विसरू नये.

निघताना मी त्याच्या वडिलांबद्दल विचारले. ते आता बरे आहेत. गेल्या हंगामात घरचा कापूस घेऊन ते अकोल्याच्या त्याच जिनिंगवर आले होते. पट्टी हातात मिळाल्यावर त्यांनी ती नेहमीप्रमाणे दोनदा वाचली, खालवर पाहिली. मग दिवाणजींना म्हणाले, "हे माह्याच पोरानं लिहिलं म्हनतात. पाहा बरं, बरोबर हाय का?"

दिवाणजींनी बेरीज हाताने करून पाहिली. ती बरोबर होती.